ॲनिमोनच्या टँकमध्ये मासे कसे वाचवायचे

आमच्या बैठकीत कोणीही आलं की आधी टँकपुढं जाऊन उभं राहतं. मागच्या आखाडात आत्या आली होती. काचेपाशी वाकून तिनं बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "हे फूल हाय का जनावर?"

"जनावर आहे आत्या. मासे खातं."

त्या वेळी दोन मासे त्या 'फुलात' अंग घुसळत बसले होते. आत्यानं त्यांच्याकडं बोट केलं. "मग ह्यांना कामून खाईना?"

आत्यानं बघितलेलं ते फुलासारखं समुद्री जनावर म्हणजे ॲनिमोन. तो विकत घेण्याआधी प्रत्येकानं स्वतःला हाच प्रश्न विचारावा. त्याचं उत्तर नीट समजलं की बाकीचे मासे कसे वाचवायचे तेही उलगडत जातं. ॲनिमोन माशाच्या मागं लागत नाही. त्याला मासा दिसतसुद्धा नाही. मासाच त्याच्यावर जाऊन पडतो. अंधारात पडतो, घाबरून पडतो, दुसऱ्या माशानं हाकललं म्हणून पडतो, झोपेत वाहत जाऊन पडतो. ही पडण्याची वेळ येऊ द्यायची नाही, हे पाळणाऱ्याचं काम. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, लातूरच्या उन्हात आणि अधूनमधून जाणाऱ्या लाइटीत ते कसं जमवायचं, ते मी सांगतो. माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. घरात चार फुटी, साधारण पावणेतीनशे लिटरचा खाऱ्या पाण्याचा टँक आहे, आणि त्यात जे शिकलो ते काही मासे गमावून शिकलो.

जनावर कसलं

मराठीत याला समुद्रपुष्प म्हणतात, पण आहे ते प्रवाळ आणि जेलीफिश यांच्या भावकीतलं जनावर. त्याला मेंदू नाही, डोळे नाहीत, हाडं नाहीत. खाली चकतीसारखा पाय, त्यानं ते दगडाला किंवा काचेला धरून बसतं. वर एकच तोंड. खाणं तिथूनच आत जातं आणि घाणही तिथूनच बाहेर पडते. तोंडाभोवती शेकडो स्पर्शिका असतात.

माझ्याकडचा आहे हॅडनचा कार्पेट ॲनिमोन. वाळूवर हिरवट-तपकिरी गालिचा अंथरावा तसा पसरतो आणि डिवचलं की झटकन वाळूत ओढला जातो. हा काही फार दूरदेशीचा नाही, मुंबईच्या किनाऱ्यावरही मोठ्या ओहोटीला तो सापडतो. चांगला वाढला तर दीड-दोन फूट रुंद होतो. विकत घेताना तो हाताच्या पंजाएवढा असतो, आणि लोक फसतात ते इथंच.

ॲनिमोन किती जगतो हेही आधीच माहीत असावं. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरून सर जॉन डॅलियल यांनी 1828 साली एक साधा लाल ॲनिमोन घरी आणला. लोक त्याला प्रेमानं 'ग्रॅनी' म्हणजे आजीबाई म्हणत. तो काचेच्या भांड्यात 1887 सालापर्यंत जगला, म्हणजे नुसत्या भांड्यातच 59 वर्षं. डॅलियल स्वतः 1851 साली गेले. त्यांच्यामागं हे जनावर एकाकडून दुसऱ्याकडं सांभाळायला जात राहिलं. टँकमध्ये येणारे बहुतेक कार्पेट ॲनिमोन समुद्रातूनच काढलेले असतात. आपल्याकडं येऊन तो दोन महिन्यांत मेला, तर किती वर्षांचं आयुष्य आपण कापलं याचा हिशेब होत नाही. म्हणून या लेखात मी माशांइतकीच ॲनिमोनचीही बाजू घेणार आहे.

बसल्या जागी शिकार

एकदा काच पुसताना मनगटाची आतली बाजू त्याला लागली. चटका बसला नाही. उंदराच्या चिकट पुठ्ठ्याला हात चिकटावा तसा तो चिकटला. ओढून काढला तर स्पर्शिकांची टोकं कातडीवरच राहिली, कपड्याला कुसळं लागून राहावीत तशी. अर्ध्या तासानं लाल पुरळ उठलं आणि दोन दिवस खाज सुटली. बोटांच्या जाड कातडीला मात्र काही झालं नव्हतं. ज्यांना मधमाशी वगैरेची ॲलर्जी आहे त्यांनी तर कोपरापर्यंतच्या रबरी हातमोज्याशिवाय हात घालूच नये.

ही चिकटण्याची करामत दंशपेशींची. प्रत्येक पेशीत एक सूक्ष्म कुपी असते आणि कुपीत पोकळ नळीची गुंडाळी. आम्ही मोटारीच्या खाचेत तार दाबून बसवतो तशीच ठासून भरलेली. ॲनिमोनचा गोड्या पाण्यातला नातेवाईक हायड्रा, त्याच्या कुपीतला दाब शास्त्रज्ञांनी मोजलेला आहे: सुमारे 150 बार. मोटारीच्या टायरमध्ये आपण दोन-सव्वादोन बार हवा भरतो, त्यावरून अंदाज करा. झाकण उडालं की नळी आतली बाहेर उलटत सुटते आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत समोरच्याच्या अंगात रुतते. तिच्यातून विष जातं. एक पेशी काहीच करत नाही, पण एका स्पर्शाला हजारो पेशी सुटतात.

मात्र पेशी उगाच सुटत नाही, कारण एकदा सुटलेली पेशी पुन्हा वापरता येत नाही, नवी करावी लागते. वाऱ्यानं दार वाजलं म्हणून कोणी बंदूक काढत नाही, तसंच. नुसता दगड घासला गेला तर फारशा पेशी सुटत नाहीत. आधी चव लागते, मग धक्का. माशाच्या अंगावर जो बुळबुळीत थर असतो त्यातल्या काही विशिष्ट साखरांची चव लागली की दंशपेशी तयारीत येतात, आणि त्याच वेळी हालचाल जाणवली की सुटतात. म्हणजे मासा जितका फडफडेल तितका जास्त अडकत जातो. कडेच्या स्पर्शिका त्याला धरतात, गालिच्याची कड वर उचलली जाते आणि बटव्याचं तोंड आवळावं तसा सगळा ॲनिमोन मिटतो.

हे मी एका मे महिन्यात टॉर्चच्या उजेडात बघितलं आहे. रात्री नऊच्या सुमाराला लाइट गेली. तोपर्यंत घरातले दिवे आणि टँकचा दिवा दोन्ही पूर्ण उजेडात चालू होते, ते एकाच क्षणी बंद झाले. आत फायरफिश नावाचा मासा होता: पुढून पांढरा, मागं लाल, पाठीवर उभ्या शेंडीसारखा लांब पर. हा मासा मुळातच भित्रा, दचकला की बाणासारखा सुटतो. पाण्यात एक फटका ऐकू आला. टॉर्च आणून बघेपर्यंत कार्पेट अर्धा मिटला होता आणि त्यातून फक्त ती शेंडी बाहेर होती, एकदा हलली. सकाळी ॲनिमोन पुन्हा पसरला आणि त्यानं चिकट गोळा बाहेर टाकला. त्यात खवले आणि काट्याचा एक तुकडा होता. त्याची भूक त्यानं भागवली, त्यात त्याचा काही गुन्हा नव्हता. उजेडाचा क्षणात अंधार करणारी वायरिंग माझी होती.

क्लाउनफिश का वाचतो

आत्याच्या प्रश्नाचं उत्तर आता सोपं आहे. तिनं बोट केलेले ते दोन मासे क्लाउनफिश होते. दुकानात ज्याला निमो म्हणून विकतात त्या क्लाउनफिशच्या अंगावरच्या थरात दंशपेशींना जागं करणारी ती साखर फारच कमी असते. पेशीला चवच लागत नाही, त्यामुळं ती सुटत नाही. तरीही नवा क्लाउन आल्या आल्या आत शिरत नाही. आधी शेपटीचं टोक लावतो आणि मागं सरतो. मग खालचा पर, मग पोट. काही तास, कधी काही दिवस ही शिवाशिव चालते आणि मग एकदा तो असा लोळतो की बघतच राहावं.

बदल्यात ॲनिमोनलाही मिळतं. ॲनिमोनच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, ते उजेडात अन्न तयार करून त्याला पोसतं. क्लाउनच्या मलमूत्रातला अमोनिया त्या शैवालाला खत होतो. रात्री क्लाउन आत हालचाल करत राहतो, त्यानं स्पर्शिकांमध्ये ताजं पाणी खेळतं. ॲनिमोन कुरतडायला येणाऱ्या फुलपाखरू माशांना तो हाकलूनही लावतो.

पण इथं एक गोष्ट दुकानात क्वचितच सांगितली जाते. प्रत्येक क्लाउनचा प्रत्येक ॲनिमोनशी सोयरसंबंध नसतो. जगात क्लाउनला आसरा देणाऱ्या ॲनिमोनच्या दहाच जाती आहेत. दुकानातला नेहमीचा केशरी ऑसेलारिस समुद्रात त्यांतल्या तिघांमध्ये राहतो, आणि हॅडनचा कार्पेट त्या तिघांत नाही. टँकमध्ये कधी कधी जमून जातं, पण कधी कधी कार्पेट त्यालाच गिळतो. हॅडनच्या घरी नांदणारे म्हणजे सॅडलबॅक, क्लार्क आणि सेबे. सेबे हा आपल्याच हिंदी महासागरातला: काळपट अंग, दोन पांढरे पट्टे, पिवळी शेपटी. समुद्रात तो फक्त हॅडनमध्येच राहतो. माझ्याकडं सेबेची जोडी आहे. क्लाउनचं संरक्षण त्याच्या कातडीवरच्या थरात असतं, त्यामुळं प्रवासात खरचटलेला किंवा आजारी क्लाउन लगेच ॲनिमोनपाशी सोडू नका. त्याचा थर भरून यायला आठवडा-दोन आठवडे द्या.

क्लाउन घ्यायचाच तर हॅचरीत, म्हणजे माशांच्या पैदास केंद्रात, जन्मलेला घ्या. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं आपल्या देशात त्याची पैदास करण्याचं तंत्र बसवलेलं आहे. हॅचरीतला मासा टँकच्या खाण्याला सरावलेला असतो, आणि समुद्रातला एक मासा समुद्रातच राहतो.

कोणता घ्यावा, कोणता नाही

पहिलाच ॲनिमोन असेल तर माझं स्पष्ट मत आहे: कार्पेट घेऊ नका, बबल टिप घ्या. त्याच्या स्पर्शिकांच्या टोकाला फुगे येतात, तो दगडाच्या फटीत पाय रोवून बसतो, चिकटपणा कमी असतो आणि धडधाकट मासा त्याच्या तावडीत क्वचितच सापडतो. तो स्वतःचे दोन भाग करून वाढतो, त्यामुळं कोणाच्या तरी टँकमध्ये वाढलेला मिळू शकतो. ऑसेलारिसही त्यात बहुतेक वेळा राहायला तयार होतो.

लांब, बारीक, रंगीत धाग्यांचा ट्यूब ॲनिमोन दुकानात फार देखणा दिसतो. तो खरा ॲनिमोन नाही, त्यात क्लाउन राहत नाही, त्याचा दंश जबर असतो आणि रात्री तो हात लांब करून बसतो. लहान मासे असतील तर त्याला घरी आणू नका.

निवडताना रंग बघा. तपकिरी, हिरवट, मातकट रंग असला म्हणजे अंगात शैवाल आहे. पांढराशुभ्र ॲनिमोन सुंदर नसतो, उपाशी असतो, त्याचं शैवाल निघून गेलेलं असतं. लिंबासारखा पिवळा किंवा भडक गुलाबी दिसला तर बहुधा रंगात बुडवलेला असतो. तोंड घट्ट मिटलेलं हवं. तोंड उघडं पडून आतलं दिसत असेल किंवा पाय फाटलेला असेल तर पैसे परत खिशात ठेवा. आपल्याकडं तो मुंबई-पुणे किंवा हैदराबादहून रात्रभर प्रवास करून थर्माकोलच्या डब्यात येतो. आणल्यावर पिशवीतल्या पाण्यात टँकचं पाणी बारीक नळीनं थेंब-थेंब सोडत दीड-दोन तास लावा.

पाणी, ऊन आणि लाइट

एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. मांजरा धरण तेव्हा कोरडं पडलं होतं. ज्या गावानं हे बघितलं आहे तिथं हौसेसाठी पाणी वापरताना मनात हिशेब होतोच, आणि व्हायला हवा. माझा हिशेब असा आहे. टँक भरताना एकदाच पावणेतीनशे लिटर लागलं. लिटरला 35 ग्रॅम या मापानं जवळजवळ दहा किलो टँकचं खास मीठ गेलं. त्यानंतर पंधरवड्याला साधारण एक दशांश पाणी बदलतो. आरओ मशीन जे पाणी टाकून देतं ते टिपात साठवून फरशी पुसायला आणि संडासात वापरतो.

बोअरचं पाणी मात्र थेट कधीच घालू नका. काळ्या दगडातून येणारं आमच्याकडचं पाणी जड असतं आणि शेतीच्या भागात त्यात नायट्रेटही उतरलेलं असतं. पिण्याच्या आरओत शेवटी खनिजं मिसळणारा भाग असतो, त्याच्या आधीच पाणी काढून घ्या. त्याला पुढं उरलेसुरले क्षार काढणारा डीआय फिल्टर लावून टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, शून्याजवळ आणा. आणि तांबं! माशांना पांढरे ठिपके आले की दुकानदार जे औषध देतो त्यात बऱ्याचदा तांबं असतं. माशाला ते चालतं, ॲनिमोनला ते विष आहे. आजारी मासा वेगळ्या छोट्या टँकमध्ये काढून तिथंच औषध द्या. माझं तर कामच तांब्याच्या तारेचं. दुकानातून आल्यावर हात घासून, दोनदा धुऊन, साबणाचा अंश जाईपर्यंत खळखळल्याशिवाय मी टँकच्या झाकणालासुद्धा शिवत नाही.

खारटपणा स्पेसिफिक ग्रॅव्हिटीत (शुद्ध पाण्याच्या तुलनेत पाणी किती जड ते) 1.025 ते 1.026 ठेवा आणि तो रिफ्रॅक्टोमीटरवर मोजा, अंदाजानं नाही. अमोनिया आणि नायट्राइट शून्य. नवा टँक म्हणजे नुकतं विरजण लावलेलं दूध. घाण पचवणारे जिवाणू बसायला चार-सहा आठवडे लागतात, आणि ॲनिमोन पेलण्याइतका टँक मुरायला किमान सहा महिने. दुकानदार घाई करेल, तुम्ही करू नका. दिव्याचंही तसंच. शैवाल जगवायचं तर रीफसाठीचा, म्हणजे प्रवाळाच्या टँकसाठी बनवलेला, एलईडी रोज आठ-दहा तास लागतो. साध्या ट्यूबलाइटखाली ॲनिमोन महिन्या-महिन्यानं पांढरा पडत जातो.

उन्हाळा ही आमची खरी परीक्षा. ॲनिमोनला 24 ते 27 अंश मानवतं आणि बाहेर पारा 42 ला टेकलेला असतो. टँकचं पाणी थंड करणारा चिलर सगळ्यांना परवडत नाही. पण मराठवाड्याच्या कोरड्या हवेचा एक फायदा आहे, जो आमचे कूलर पिढ्यान्पिढ्या घेत आले आहेत. पाण्याच्या पृष्ठभागावर पंखे मारले की बाष्पीभवनानं पाणी तीन-चार अंश सहज उतरतं. खोलीत दुपारी खिडक्यांना ओले पडदे आणि टँकवर दोन छोटे पंखे, एवढ्यावर माझा एप्रिल निघतो. मेमध्ये दुपारी एसी लावावा लागतो. मात्र पंख्यानं उडतं ते फक्त पाणी, मीठ मागंच राहतं. आमटी आटली की खारट होते तसा टँक खारट होत जातो. माझ्या टँकमधून मेमध्ये दिवसाला पाच-सहा लिटर पाणी उडतं. ते रोज, मीठ न घातलेल्या आरओ पाण्यानं भरायचं. इथं चुकून खारं पाणी घातलं तर आठवड्यात ॲनिमोन आक्रसून बसतो.

आता लाइट. त्या फायरफिशनंतर मी तीन गोष्टी केल्या, आणि माझ्या मते या तीन गोष्टी बाकी सगळ्यांपेक्षा जास्त मासे वाचवतात. टँकचा दिवा हळूहळू मंदावणारा घेतला, तासभर संध्याकाळ होत होत रात्र होते. माशांना आपापली झोपायची फट शोधायला वेळ मिळतो. दुसरं, अर्ध्या वॉटचा निळा एलईडी कायमचा इन्व्हर्टरवर टाकला. लाइट गेली तरी चांदण्याएवढा उजेड राहतो आणि मासा भिंतीवर किंवा ॲनिमोनवर आदळत नाही. तिसरं, एक वेव्हमेकर, म्हणजे टँकमधलं पाणी खेळतं ठेवणारा पंप, इन्व्हर्टरवर घेतला, कारण गरम खाऱ्या पाण्यात मुळातच प्राणवायू कमी मावतो, आणि पाणी थांबलं की मासे ॲनिमोनच्या आधी गुदमरतात. इन्व्हर्टर नसेल तर बॅटरीवरचा एअर पंप तरी ठेवा. धंद्यातला माणूस म्हणून आणखी एक सांगतो. टँकच्या सर्किटला 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळू लागला की वीज तोडणारं स्विच) लावा आणि प्रत्येक वायर प्लगच्या खाली झोळ देऊन वर न्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोळातच गळून पडतं, सॉकेटमध्ये जात नाही. खाऱ्या पाण्यातून वीज फार सहज वाहते.

सोबतीला कोण

संथ, भित्रे किंवा वाळूवर झोपणारे मासे कार्पेटच्या टँकमध्ये टाकू नका. मँडरिन, फायरफिश, जॉफिश, छोटे गोबी हे त्यातले. फुलपाखरू मासा उलट ॲनिमोनलाच खातो. समुद्रघोडे आणि पाइपफिश यांचा तर विचारही नको. त्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. खडक बांधणाऱ्या कठीण प्रवाळांनाही 2001 पासून त्याच कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळं कोणी स्वस्तात देत असलं तरी घेऊ नका. माझ्या टँकमधले 'खडक' सिरॅमिकचे आहेत. वर्षभरात त्यांच्यावर इतकं जांभळं शेवाळ चढलं की ओळखू येत नाही.

चपळ, मधल्या पाण्यात पोहणारे आणि दगडाच्या फटीत झोपणारे मासे टिकतात. कार्पेट एका टोकाला चार-पाच इंच जाड वाळूत आणि दगड दुसऱ्या टोकाला, मध्ये निदान फूटभर मोकळी जागा, अशी मांडणी करा. ॲनिमोनच्या शेजारी फट ठेवली की मासा तिथं झोपणार आणि पहाटे अर्धवट झोपेत चुकणार.

सगळ्यात जास्त धोका नव्या माशाला असतो, तोही पहिल्या रात्री. त्याला जागा माहीत नसते आणि जुने मासे त्याला टोचून पळवतात. पळणारा मासा पुढं बघत नाही. म्हणून नवा मासा दोन-तीन दिवस टँकमध्येच जाळीच्या डब्यात ठेवा. जुन्यांचा राग ओसरतो आणि नव्याला ॲनिमोन कुठं आहे ते कळतं. सोडायचा तो सकाळी, दिवा मंद असताना आणि जुन्यांना पोटभर खाऊ घालून.

खाऊ घालणं

ॲनिमोनचं पोट भरलेलं असलं तर तो मासा सोडून देतो, असं बरेच जण सांगतात. त्यावर विसंबू नका. दंशपेशी पोटाला विचारून सुटत नाहीत. तरी त्याला खाऊ घालायचं ते त्याच्या तब्येतीसाठी. आठवड्यातून एक-दोनदा, मीठ-हळद न लागलेल्या समुद्री कोळंबीचा नखाएवढा तुकडा लांब चिमट्यानं स्पर्शिकांवर ठेवायचा. मोठा तुकडा दिला की दुसऱ्या दिवशी तो अर्धवट कुजलेला बाहेर येतो आणि पाणी नासतं. टँकमध्ये क्लीनर कोळंबी असेल तर आधी तिला द्या. नाही तर ती सरळ ॲनिमोनच्या तोंडात पाय घालून तुकडा ओढून काढते. माझ्याकडं तिनं हे इतक्यांदा केलं की आता तिचा वाटा आधी टाकून मगच कार्पेटकडं वळतो.

कधी कधी ॲनिमोन पिचक्या फुग्यासारखा पडतो, तोंडातून तपकिरी दोरी टाकतो आणि काही तासांनी पुन्हा फुगतो. ते पोट साफ करणं आहे, घाबरून हात घालू नका. पण दोन दिवस पडून राहिला, तोंड उघडं पडलं आणि वास आला, तर तो मेला आहे. तासभरही न थांबता बाहेर काढा.

चालणारा ॲनिमोन आणि पंप

ॲनिमोनला जागा पटली नाही तर तो चालतो. पायाची चकती सरकवत एका रात्रीत टँकच्या दुसऱ्या टोकाला जातो. चालता चालता वेव्हमेकरच्या पात्यात सापडला तर त्याचे तुकडे होतात, त्याचं विष आणि कुजणं पाण्यात मिसळतं आणि सकाळपर्यंत सगळा टँक जाऊ शकतो. नवा ॲनिमोन आणला की पहिले दोन आठवडे प्रत्येक पंपाच्या तोंडावर जाड स्पंज बांधा आणि हीटरला जाळीचं कव्हर घाला. लाइट गेलेली असताना पंप थांबतो, ॲनिमोन त्यावर चढतो, आणि लाइट येते तेव्हा पातं फिरतं. आमच्याकडं ही शक्यता मुंबईपेक्षा जास्त आहे, म्हणून माझे स्पंज बाराही महिने बांधलेले असतात. दर आठवड्याला धुवावे लागतात.

तो चुकीच्या जागी बसला असेल तर ओढू नका. फाटलेला पाय सहसा भरून येत नाही. पाण्याचा प्रवाह त्याच्याकडं वळवा, त्यावर सावली करा, किंवा काचेवर बसला असेल तर बाहेरून बर्फाचा खडा धरून ठेवा. कंटाळून तो स्वतः सुटतो. त्याला मनासारखी जागा मिळाली की महिनोन्महिने हलत नाही.

आणि एवढं करूनही मासा अडकलाच, तर पहिल्या काही सेकंदांतच काही करता येतं. टर्की बेस्टर नावाची मोठ्या पिचकारीसारखी नळी टँकशेजारी टांगलेली असू द्या. अडकलेल्या माशावर पाण्याचा जोरदार झोत मारा. नुसती शेपटी चिकटली असेल तर कधी कधी तो सुटतो. सुटला तर त्याला जाळीच्या डब्यात, मंद उजेडात दोन-तीन दिवस ठेवा. दंशाच्या जागी पांढरा चट्टा येतो, तो वाढतोय का ते रोज बघा. कार्पेट मिटला असेल तर चिमटा घालू नका. मासा आतच गेलेला असतो, आणि ओढाओढीत ॲनिमोनही फाटतो. दुसऱ्या दिवशी बाहेर आलेला गोळा लगेच काढून टाका, अमोनिया तपासा, किंचितही दिसला तर पंचवीस-तीस लिटर पाणी बदला आणि फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बनची पिशवी ठेवा. त्या आठवड्यात ॲनिमोनला कोळंबी द्यायची नाही.